पुलावरच्या पहारेकऱ्याचा हंबरडा

लिफ्ट तिसऱ्या मजल्याशी आली आणि मी मेलो. निदान आवाज तरी माझाच होता. आमच्या वरच्या फ्लॅटमध्ये भाड्याने राहणारी आम्रपाली रोज सकाळी खराडीच्या ऑफिसला निघते तेव्हा तिच्या कानात ती बिनवायरची बोंडं असतात आणि डोळे मोबाइलमध्ये; शेजारी माणूस उभा आहे की गॅसचा सिलिंडर, याच्याशी तिला देणंघेणं नसतं. त्या सकाळी बोंडांचं आणि मोबाइलचं काहीतरी बिनसलं आणि ती बघत होती ती मालिका एकदम लिफ्टभर ऐकू आली. जुन्या जपानातल्या सामुराईंची, येता-जाता मुंडकी उडवणारी ॲनिमे, मराठी आवाजातली. तलवार सपकन फिरली आणि त्यामागोमाग एक माणूस ओरडला. "सॉरी काका," म्हणत आम्रपालीने घाईघाईने आवाज बंद केला. ओरडणारा इसम तिच्याच शेजारी भाजीची पिशवी घेऊन उभा आहे हे तिला ठाऊक नव्हतं आणि मीही सांगितलं नाही. खाली आल्यावर भाजीला न जाता पार्किंगमधल्या कुणाच्या तरी स्कूटरवर टेकून बसलो.

आता स्वतःचं मरण ऐकून दचकावं असा काही मी नवखा नाही. पाटबंधारे खात्यातली कारकुनी संपली तेव्हापासून मी डबिंग करतो. कोथरूडातच, एका तळघरातल्या स्टुडिओत. नायकाचा आवाज तरुण मुलं देतात. माझ्या वाट्याला सरदार, खोकणारे भिक्षू, सरायवाले आणि मुख्य म्हणजे मरणारे येतात. सामुराईंच्या मालिकेत मरणाऱ्यांना तोटा नसतो. या कामाची एक रीत आहे. मरणं शेवटी घेतात. आधी घेतली तर घसा बसतो आणि मग सरदाराला बोलता येत नाही. सगळे संवाद उरकले की पडद्यावरचं चित्र बंद करतात आणि मी बूथमध्ये उभा राहून एकामागून एक मरत जातो. पोटात तलवार, पाठीत बाण, अर्धवट गळा, कड्यावरून खाली. रेकॉर्डिंग करणारा संतोष ती मरणं पुढे कधीतरी ज्याला जे शोभेल त्याला लावून टाकतो. कुठलं मरण कुणाच्या पदरी पडलं हे मला मालिका येईपर्यंत कळत नाही, आणि मालिका येते वर्ष-दीड वर्षाने, त्यांचे करारमदार उरकल्यावर. तोवर मी विसरलेला असतो. कोण लक्षात ठेवणार, आपण कितीदा मेलो ते! मंदाकिनी, माझी बायको, तर कधी एक भागही बघत नसे. "रोज जिवंत बघते तेवढं पुरे आहे," म्हणायची.

पण लिफ्टमध्ये ऐकलं ते त्यातलं मरण नव्हतं. त्या किंकाळ्या मला ठाऊक आहेत, त्या पोटातून काढायच्या असतात आणि काढताना आपल्याला कळत असतं. हा हंबरडा होता. खालून सुरू झालेला, मध्ये चिरलेला, मग श्वास न घेताच वर गेलेला आणि कुणी तोंडावर हात ठेवावा तसा अचानक थांबलेला. तो मी आयुष्यात एकदाच फोडला होता, गेल्या वर्षी आषाढात, हॉस्पिटलमधल्या एका काचेच्या खोलीत, डॉक्टरांनी मंदाकिनीच्या मनगटावरचा हात काढून घेतला तेव्हा. मी घरात कधी वरच्या पट्टीत बोललेला माणूस नाही. त्या आवाजाने नर्स दोन पावलं मागे सरकली होती. आणि त्यानंतर काहीच नाही. वैकुंठ स्मशानात नाही, तेराव्याला नाही, वर्षश्राद्धालाही नाही. नातेवाईक माझ्या कोरड्या डोळ्यांकडे बघत आणि मग एकमेकांकडे. मला त्याचं काही वाटत नसे, कारण माझ्यापाशी तो एक हंबरडा होता. बत्तीस वर्षांच्या संसारात तिला मी साड्या घेतल्या, महाबळेश्वर दाखवलं, पण मनातलं म्हणून जे काही असतं ते एकदाच दिलं आणि तेवढं मात्र खरं दिलं, असं मी स्वतःशी म्हणायचो आणि त्यावर जगायचो. आता तेच कुणीतरी चोरून नेऊन एका जपानी शिपायाच्या तोंडात कोंबलं होतं. ते कुणी नेलं हे कळल्याशिवाय मला घास गिळवणार नव्हता.

चोरणार कोण? डॉक्टर सोडले तर त्या खोलीत तेव्हा तिघं होते. नर्सला माझ्या धंद्याची कल्पना नव्हती. संतोष डबा घेऊन आला होता, दाराशी उभा होता, पाठीला त्याची ती सॅक. या संतोषला एक खोड आहे. कुठेही गेला की आवाज टिपतो. कात्रजला प्राणिसंग्रहालयात जाऊन वाघाचं घुरघुरणं टिपून आणतो, भांडीवालीची हाक टिपतो, म्हणे पुढे उपयोगी पडतं. आणि तिसरा आमोद, माझा मुलगा. तो पलंगाच्या पायथ्याशी होता आणि त्याच्या हातात मोबाइल होता. कानाला लावलेला नव्हता, चेहऱ्यासमोर उभा धरलेला होता. हे मी तेव्हाही पाहिलं होतं, पण त्याचा अर्थ लावला नव्हता. अर्थ लावायला लिफ्ट लागली. मग एकेक गोष्ट आपोआप जुळत गेली. तेव्हापासून आमोद माझ्याशी धड बोलत नाही. नोकरी खराडीत, आठवड्यातले काही दिवस घरून काम. एकाच फ्लॅटमध्ये आम्ही दोघे, पण बोलणं गिरणीत दळण टाकल्यासारखं, कामापुरतं. जेवताना माझ्या चेहऱ्याकडे बघत नाही. मी खाकरलो तरी उठून आत जातो. दुःख आहे, असं मी समजत होतो. आता वाटू लागलं, याच्या मनाला काहीतरी खातंय.

दुपारी आमोदच्या खोलीचं दार लागलं की मी हॉलमध्ये ती मालिका लावून बसू लागलो. आवाज अगदी बारीक ठेवून. पहिल्या भागापासून बघितली. बर्फ पडतंय, कागदी दारांमागे दिवे आहेत, एक धनी गमावलेला सामुराई गावोगाव फिरतोय आणि जाईल तिथे रक्ताची कारंजी उडताहेत. रक्त लाल नाही, काळं, दौतीतून सांडल्यासारखं. माणसं कापली गेल्यावरही क्षणभर उभी राहतात, आपल्याला काही झालंय हे त्यांना माहीतच नसतं, मग वरचा भाग सरकतो. हे काम करताना मी कधी नीट पाहिलं नव्हतं; आम्हाला आमच्या पात्राचे ओठ जुळवण्याशी तेवढा मतलब. अखेर तो सापडला. नदीवरच्या लाकडी पुलावर गवती टोपी घातलेला एक पहारेकरी. त्याला नाव नाही. नायक पूल ओलांडतो, पहारेकरी हात आडवा करतो, टोपीसकट डोकं पाण्यात. त्याच्या तोंडी माझा हंबरडा. मंदाकिनीसाठी फोडलेला हंबरडा पाण्यात पडणाऱ्या एका टोपीवर खर्च झालेला. मी ते इतक्या वेळा मागेपुढे करून ऐकलं की शेवटी टीव्हीने विचारलं, तुम्ही अजून पाहताय का. संशय उरलाच नाही. मधली चीर तीच, शेवटचं तुटणंही तेच.

मालिकेने मला आणखी एक नाद लावला. त्या जगात कुणी कुणाला पाठ दाखवत नाही. पाहुणा आला की तलवार कुठल्या बाजूला ठेवतो ते यजमान बघतो. उजवीकडे ठेवली तर मनात काही नाही, डावीकडे ठेवली तर चटकन उपसता येते. मी आमोदचा मोबाइल बघू लागलो. जेवताना तो डाव्या हाताशी आणि उपडा. आधीपासून उपडा ठेवायचा की त्या दिवसापासून? आठवेना. तो चहा घेऊन आला की मनात यायचं, मालिकेत चहा देणाऱ्याचाच डाव असतो. हसूही यायचं आणि तरी पहिला घोट त्याने घ्यायची वाट बघायचो. स्वयंपाकघरात मी भिंतीला पाठ लावून बसू लागलो. "तिथे का बसताय, पंखा लागत नाही," तो म्हणाला, तर वाटलं, याला माझी जागा का हलवायचीय? कावीळ झाल्यावर सगळं पिवळं दिसतं हे मला ठाऊक आहे. पण कावीळ झालेल्याच्या घरात खरंच पिवळी भिंत असू शकते की नाही? एका सकाळी न राहवून मी विषय काढला. तो पोहे खात लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसला होता.

"आमोद, त्या दिवशी हॉस्पिटलमध्ये तुझ्या हातात मोबाइल होता."

"बाबा, माझ्या हातात रोजच मोबाइल असतो."

"आई गेली तेव्हा."

त्याचा चमचा थांबला. "मावशीला फोन लागत नव्हता," तो म्हणाला. "का?"

"काही नाही. आठवलं."

"आठवायला पण टायमिंग बघत जा ना. माझा कॉल आहे आता."

असा तिरकस तो आईवर गेलाय. पण बोलताना त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या आणि पोहे तसेच टाकून तो उठला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच, मी स्वतःला सांगितलं आणि सांगितल्यावर मला बरं वाटलं नाही, भीती वाटली. संतोष चोर निघाला तर मी स्टुडिओ सोडीन, चार शिव्या देईन, संपलं. आमोद निघाला तर मी जाणार कुठे? या शहरात माझं म्हणावं असं तेवढंच माणूस उरलंय, आणि तेही भिंतीपलीकडे. त्याने पैशासाठी केलं नसेल, हे मला कळत होतं. मग कशासाठी? बापाने आईच्या मरणातही नाटक केलं, असा पुरावा जमवायला? हा विचार कुठून आला मला कळलं नाही. मी तो झटकला आणि चपला घालून स्टुडिओकडे निघालो. आधी संतोष चोर आहे का ते बघू, तोच असू दे, असं मनात म्हणत मी पौड रोड ओलांडला तेव्हा एका स्कूटरवालीने मला, "काका, घरी सांगून निघालात ना?" म्हणून विचारलं.

संतोष यवतमाळकडचा. पुण्यात दहा वर्षं काढली तरी जिभेवरचं वऱ्हाड गेलेलं नाही. मला पाहून त्याने खुर्ची पुढे केली. "या ना सर. आज तर तुमचं काही नाही. कोणाले मारायचं आहे काय?"

"पुलावरचा पहारेकरी," मी म्हणालो. "गवती टोपीवाला. त्याचा आवाज कुठून आणलास?"

"कुठून म्हणजे? तुमचाच तर आहे."

"माझा आहे हे मला कळतं. कधीचा? तुझ्या सॅकमधल्या यंत्राने घेतलेला का? की मला न सांगता कॉम्प्युटरकडून बनवून घेतलात?"

तो हसायला लागला आणि माझं तोंड बघून थांबला. "मशीनले अजून मराठीत मरता येत नाही सर. येईल त्या दिवशी तुम्ही आणि मी दोघंही घरी." मग जरा वेळाने, दुखावल्यासारखा, "मी काऊन करीन असं? कुठे टिपला असंल म्हणता तुम्ही?"

हॉस्पिटल हा शब्द माझ्या तोंडून निघेना. तो वळला, कॉम्प्युटरमध्ये शोधत राहिला आणि त्याने हेडफोन माझ्या हातात दिला. "कच्चा माल आहे. तुम्हीच ऐका."

कच्चा माल म्हणजे न कापलेलं रेकॉर्डिंग, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. माझं खोकणं. पाण्याचे घोट. एक बाण, एक कडा, पुन्हा एक बाण. मग माझाच आवाज, अगदी प्रसन्न: "आता जरा वेगळं देतो रे." आणि हंबरडा. तोच. काडीचाही फरक नाही. हेडफोनमध्ये तो लिफ्टमधल्यापेक्षा मोठा होता, अंगावर काटा आला. त्यानंतर संतोषचं "बाप रे, सर," माझं खूश होऊन हसणं, आणि मग मोबाइलची थरथर. बूथमध्ये मोबाइल न्यायचा नसतो. मी नेत असे, कारण उचलला नाही तर मंदाकिनी पुन्हा पुन्हा करायची. रेकॉर्डिंगमधला मी म्हणाला, "बोल. अगं, आत आहे मी." थोडा वेळ काही नाही. "हो. चिक्कीचा गूळ, साधा नाही, कळलं." पुन्हा काही नाही, जरा जास्त वेळ. "आणि तीळ. अगं नाही विसरत. बरं, ठेव." चिक्कीचा गूळ. ती गेल्यापासून आमच्याकडे संक्रांत झालेली नाही. म्हणजे हे तिच्या शेवटच्या संक्रांतीचं, तेव्हा ती घरी ओट्यापाशी उभी होती, तीळ भाजायला कढई काढून ठेवलेली, तिला काहीही झालेलं नव्हतं. मी संतोषला ते पुन्हा लावायला सांगितलं. त्याला वाटलं, हंबरडा. मी म्हटलं, नाही, त्याच्यानंतरचं. माझ्या दोन वाक्यांमध्ये जी जागा होती तिथे ती बोलत होती. मी हेडफोन दोन्ही हातांनी कानावर दाबून धरला, पण तिथे फक्त बूथची शांतता होती. "काकूंचा फोन होता ना सर?" संतोष म्हणाला. "मले माहीत होतं. म्हणून तेवढं खोडलं नाही मी." त्याच्यावर मी इतके दिवस संशय घेतला होता आणि त्याला माझी कीव येत होती.

घरी चालत आलो. सोपी गोष्ट होती, पण डोक्यात शिरायला पाय दुखेपर्यंत चालावं लागलं. कुणी काही चोरलं नव्हतं. हंबरडा आधीचा होता आणि मरण नंतरचं. मी संक्रांतीला मजेत जो आवाज काढून दाखवला, तोच आषाढात तिच्या उशाशी उभा राहून काढला. मग त्या काचेच्या खोलीत मी केलं काय? मालिकेत तलवारीचा एक जुना गुरू आहे, आवाज माझाच. तो शिष्यांना एकच वार वर्षानुवर्षं करायला लावतो, म्हणजे वेळ आली की हात विचारत नाही. तसं झालं असेल. दुःख खरं असेल आणि वाट ओळखीची सापडली असेल, घसा सवयीने तिकडे गेला असेल. किंवा दुःखच नसेल. प्रसंग आला, चार माणसं बघताहेत, काहीतरी द्यायला हवं, म्हणून ठेवणीतलं काढून दिलं असेल. दोन्हींतलं कुठलं, हे मला आतून कळायला हवं होतं. मी स्वतःला विचारलं आणि जे उत्तर आलं त्याच्यावर माझा विश्वास बसेना. आजवर आमोदचा, संतोषचा संशय आला तेव्हा निदान मी इकडे होतो आणि ते तिकडे. आता इकडे कुणीच उरलं नव्हतं.

संध्याकाळी आमोद खिचडी टाकत होता. मी भिंतीपाशी न बसता त्याच्यामागे, दारात उभा राहिलो. "मी तुझ्यावर संशय घेतला," मी म्हणालो. "मला वाटलं, त्या दिवशी तू मला रेकॉर्ड केलंस आणि ते मालिकेत आलं. ते तसं नाही. तो आवाज मी आधीच दिला होता. आई होती तेव्हा."

"मला माहीत आहे," तो म्हणाला. तो वळला नाही.

"कसं?"

"तुम्ही बाथरूममध्ये प्रॅक्टिस करायचात ना. दार लावून. तुम्हाला वाटायचं कुणाला ऐकू येत नाही." त्याने गॅस बारीक केला. "आई आणि मी इथे उभे असायचो. आम्ही हसायचो बाबा. आई तोंड दाबून हसायची. म्हणायची, गेले बघ हे. आज दुसऱ्यांदा गेले. मग तुम्ही टॉवेल घेऊन बाहेर आलात की आम्ही गप्प." तो फडक्याने ओटा पुसू लागला. "आणि त्या दिवशी तुम्ही तेच केलंत. सेम टू सेम. मधलं ते फाटणं पण सेम. आणि मला हसू आलं. आई समोर होती आणि मला हसू आलं. मी मोबाइल तोंडासमोर धरला, नर्सला दिसू नये म्हणून."

कुकरमधून वाफ येत होती. तो आता वळला होता आणि त्याचं तोंड मी त्याच्या लहानपणी पाहिलं होतं तसं वेडंवाकडं झालं होतं. "तुमच्याकडे बघितलं की मला ते हसू आठवतं. मग तुमचा राग येतो आणि मग माझा येतो. मला कळतच नाही बाबा, तुम्ही रडलात की नाही. मी कुणाला विचारू? तिला विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं."

तिने सांगितलं असतं हे खरं होतं. तिला माझ्यातलं सगळं खोटं कळायचं आणि ती ते चारचौघांत बोलून दाखवायची. ती तोंड दाबून हसत होती, याच जागी, इतकी वर्षं, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. गेले बघ हे. मला तिचा आवाज ऐकू आला, दुपारी हेडफोनमध्ये शोधून सापडला नव्हता तो, आणि माझ्या आतून काहीतरी वर आलं. हंबरडा नव्हता. कसलंतरी बारीक, चिकट, नाकातून येणारं, उचकीसारखं, मध्येच शिट्टी वाजल्यासारखं. कुठल्याही सरदाराला किंवा पहारेकऱ्याला न शोभणारं. मला ते थांबवता येईना. मी दाराची चौकट धरली. आमोदने पुढे येऊन माझा दंड धरला, वर्षभरात पहिल्यांदा. मंदाकिनी गेली होती, मला ती हवी होती, याखेरीज मला काही सुचत नव्हतं. आणि तेवढ्यात, त्या रडण्याच्या मागे कुठेतरी, बूथमधला माणूस कान देऊन ऐकत असल्याचं माझ्या लक्षात आलं. नाकातून येतंय, तो नोंद घेत होता. टाळूच्या मागून. श्वास अर्धा सोडून. हे नवीन आहे.

मी रडायचा थांबलो नाही. पण मान वर केली तेव्हा आमोद माझ्याकडे बघत होता, अगदी जवळून, डोळे भरलेले, आणि ज्या संशयाने मी इतके दिवस त्याच्याकडे पाहिलं तोच त्या डोळ्यांत होता. माझा दंड मात्र त्याने सोडला नव्हता.

"बाबा," तो म्हणाला. "हे आत्ताचं खरं आहे ना?"

मला जमेल तितक्या खऱ्या आवाजात मी "हो" म्हणालो.